आकड्यावर भांडण, कराराकडे पाठ

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रमुखांना किती पैसे मिळतात याची यादी ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ हे नियतकालिक छापत आले आहे, आणि यादी आली की तेच नाटक नव्या नटसंचात रंगते. एक बाजू म्हणते, देशाच्या राष्ट्राध्यक्षाला वर्षाला चार लाख डॉलर आणि या मास्तरांच्या म्होरक्याला दहा लाख? दुसरी बाजू म्हणते, त्याच विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक याच्या कैक पट घेतो तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता, मग आताच पोटात का दुखते? दोन दिवस गलका होतो, एखादा आमदार विधेयक आणण्याची घोषणा करतो, आणि पुढची यादी येते तेव्हा आकडे आणखी वर सरकलेले असतात. तिथे या पदाला कुठे प्रेसिडेंट म्हणतात, कुठे चॅन्सलर. सोयीसाठी आपण कुलगुरू म्हणू. या कुलगुरूला नेमते ते विश्वस्त मंडळ, आणि त्यातले बरेच सदस्य राज्याच्या गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, नेमलेले असतात.

माझे म्हणणे असे की या वादात दोन्ही पक्ष चुकीच्या कागदावर भांडत आहेत. वार्षिक पगाराचा आकडा ही कुलगुरूच्या करारातली सगळ्यात निरुपद्रवी ओळ असते. खरा खर्च, आणि खरा अन्याय असेल तर तोही, तीन ठिकाणी लपलेला असतो: रक्कम ठरवताना खोलीत कोण होते, ती कोणत्या तिजोरीतून येते, आणि माणूस खुर्ची सोडतो त्या दिवशी त्याला काय मिळते. या तीन गोष्टी उघड्यावर असतील तर कुलगुरूला आठ लाख द्या की बारा लाख, मला फारसा फरक पडत नाही. त्या झाकलेल्या असतील तर तीन लाखांचा पगारही संशयास्पद आहे.

पगाराच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा अंकगणिताचा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात कुलगुरूला दहा लाख डॉलर मिळत असतील, तर एका विद्यार्थ्यामागे वर्षाला पंचवीस डॉलर पडतात. उद्या त्याने फुकट काम केले तरी फी तेवढीच उतरेल. फी वाढली ती मुख्यतः राज्यांनी अनुदानातून हात काढून घेतला म्हणून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ३२ टक्के फीवाढ केली, ती २००८ च्या मंदीनंतर राज्याच्या तिजोरीला पडलेल्या भगदाडामुळे. कुणाच्या पगारामुळे नव्हे. शिवाय काम काही लहान नाही. मोठ्या राज्य विद्यापीठाच्या प्रमुखाच्या हाताखाली रुग्णालये असतात, प्रयोगशाळा, वसतिगृहे, स्वतःचे पोलीस दल, कोट्यवधींची क्रीडा यंत्रणा असते. अशा माणसाची तुलना राष्ट्राध्यक्षाच्या पगाराशी करणे हा निव्वळ टाळ्यांचा मुद्दा आहे. राष्ट्राध्यक्षाचा चार लाखांचा पगार २००१ पासून कायद्याने ठरलेला आहे आणि ती नोकरी पगारासाठी कुणी करत नाही.

त्यागाच्या उदाहरणांचेही तेच. केंटकी स्टेट विद्यापीठाचे हंगामी कुलगुरू रेमंड बर्स यांनी २०१४ मध्ये आपल्या ३,४९,८६९ डॉलरच्या पगारातले ९० हजारांहून अधिक सोडले आणि त्यातून सर्वांत कमी वेतनावरच्या २४ कर्मचाऱ्यांचा दर ताशी १०.२५ डॉलरवर नेला. माणूस मोठ्या मनाचा, यात शंका नाही. पण हिशेब पाहा: पगाराचा चौथा हिस्सा गेला आणि चोवीस माणसांचे भागले. हजारो कर्मचारी असलेल्या विद्यापीठात हाच प्रयोग केला तर प्रत्येकाच्या वाट्याला चहापुरते पैसे येतील. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची दैना कुलगुरूच्या खिशातून मिटणार नाही, आणि मिटेल असे सांगणारा त्यांना भलत्या दिशेला नेतो आहे.

मग इतके मान्य करून भांडायला उरते काय? उरते ते हे, की अंकगणिताचा मुद्दा खरा असूनही तो नेहमी अर्धवट मांडला जातो. पंचवीस डॉलरचा भागाकार खर्च सांगतो, परिणाम सांगत नाही. १२ जुलै २०११ रोजी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या विश्वस्तांनी एकाच बैठकीत दोन ठराव केले. एकाने फी १२ टक्क्यांनी वाढवली. दुसऱ्याने सॅन डिएगो संकुलाच्या नव्या प्रमुखाला वर्षाला चार लाख डॉलर दिले, आधीच्या प्रमुखापेक्षा एक लाखाने जास्त. त्या एका लाखाने फी कणभरही वाढली नव्हती. पण गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी विश्वस्तांना विरोधाचे पत्र लिहिले होते, आणि पुढे त्या एका लाखावरून विद्यापीठाला टीका सोसावी लागली. ज्याचे मुख्य काम विधिमंडळाकडून पैसे आणणे आहे, त्याच्या पगारानेच विधिमंडळाचे दार लावून घेतले, तर तो पगार पंचवीस डॉलरना पडला की पंचवीसशेंना?

हे एका कुलगुरूनेच लिहून ठेवले आहे, म्हणून मला त्याचे वजन अधिक वाटते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन संकुलाचे प्रमुख म्हणून ग्रेगरी फेनव्हेस यांची २०१५ मध्ये निवड झाली तेव्हा त्यांना दहा लाखांचा पगार देऊ केला होता. त्यांनी ई-मेलने कळवले की हा आकडा फार मोठा आहे, त्याने विद्यार्थी आणि प्राध्यापकांत नाराजी पसरेल आणि विधिमंडळाबरोबर काम करणे अवघड होईल. त्यांनी साडेसात लाख घेतले. देणारा जास्त देतो आहे आणि घेणारा कमी मागतो आहे, असा सौदा ज्या बाजारात होतो त्याला बाजार म्हणायचे का, हा प्रश्न मग आपोआपच पुढे येतो.

कारण दुसरा भक्कम मुद्दा बाजाराचाच असतो. चांगली माणसे हवीत तर बाजारभाव मोजावा लागेल, नाहीतर ती खासगी विद्यापीठांत जातील. यातही तथ्य आहे: श्रीमंत खासगी विद्यापीठे खरोखरच माणसे पळवतात. पण ‘बाजारभाव’ हा शब्द ज्या कागदावरून येतो तो कागद कसा तयार होतो ते पाहा. विश्वस्त मंडळ एक सल्लागार संस्था नेमते. ती ‘समकक्ष’ विद्यापीठांची यादी करते. ही यादी करताना आपल्यापेक्षा थोडी मोठी, थोडी नावाजलेली विद्यापीठे धरण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. आपल्या विद्यापीठाला दुय्यम म्हणवून घ्यायला कोणता विश्वस्त तयार होईल? मग ठराव होतो की आपला कुलगुरू सरासरीच्या खाली नसावा.

आता एक साधा हिशेब करू. समजा दहा विद्यापीठे आहेत आणि पगार पाच लाखांपासून साडेनऊ लाखांपर्यंत पन्नास-पन्नास हजारांच्या पायऱ्यांनी चढत जातात. सरासरी सव्वासात लाख. खालच्या पाच जणांनी आपापला कुलगुरू सरासरीवर आणला, वरच्यांनी काहीच केले नाही, तरी नवी सरासरी ७ लाख ८७ हजारांच्या वर जाते. पुढच्या फेरीत आता सहा जण सरासरीखाली असतात, तेही वर येतात, आणि सरासरी सव्वाआठ लाखांना टेकते. दोन फेऱ्यांत जवळपास एक लाखाची वाढ, आणि या काळात एकाही कुलगुरूने नोकरी बदललेली नाही, एकाही विद्यापीठाला बाहेरून कुणी मागणी घातलेली नाही. हा भाव पुरवठा-मागणीतून आलेला नाही. सगळे जण एकमेकांच्या पाटीवरचा आकडा बघून आपली पाटी पुसतात, एवढेच. गंमत अशी की पगार जाहीर करण्याच्या चांगल्या सवयीने या खेळाला उलट इंधन मिळते: शेजाऱ्याचा आकडा आता नक्की माहीत असतो.

आणि माणसे येतात कुठून? मुख्यतः प्राध्यापकी करत विभागप्रमुख, अधिष्ठाता, प्रोव्होस्ट (म्हणजे शैक्षणिक कारभाराचा प्रमुख) अशा पायऱ्या चढून. फेनव्हेस त्याच विद्यापीठात प्रोव्होस्ट होते. उरलेले काही राजकारणातून किंवा लष्करातून येतात: पर्ड्यू विद्यापीठाला इंडियानाचे माजी गव्हर्नर मिच डॅनियल्स आले, टेक्सासच्या विद्यापीठ समूहाला निवृत्त अ‍ॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन. कुलगुरूपद नाकारले तर यांच्यापैकी कोण जनरल मोटर्सचा प्रमुख होणार होता? खासगी कंपन्यांच्या पगारांशी तुलना करणारे या प्रश्नाला बगल देतात.

इथे पगारविरोधक उभे राहतात आणि म्हणतात, मग कमाल मर्यादा घाला. ऐकायला रास्त वाटते. पण कमाल मर्यादेचा इतिहास असा आहे की ती रक्कम थांबवत नाही, वळवते. अमेरिकेने १९९३ मध्ये कंपन्यांच्या बाबतीत हे करून पाहिले. बड्या अधिकाऱ्याच्या वर्षाकाठी दहा लाखांवरच्या पगाराला करवजावट नाही असा नियम केला, मात्र कामगिरीशी जोडलेल्या मोबदल्याला सूट ठेवली. झाले काय, तर अनेक कंपन्यांत दहा लाख हीच पगाराची जणू अधिकृत पातळी ठरली आणि बाकीचे सारे शेअर ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काच्या, वाटेने येऊ लागले. ती सूट बंद व्हायला २०१७ उजाडले. मर्यादेने लोभ कमी झाला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

विद्यापीठांत तो पत्ता म्हणजे फाउंडेशन, विद्यापीठासाठी आलेल्या देणग्या सांभाळणारी वेगळी संस्था. फ्लोरिडाचा कायदा सांगतो की राज्याच्या अर्थसंकल्पातून आलेल्या पैशातून कुलगुरूला वर्षाला दोन लाख डॉलरपेक्षा जास्त देता येणार नाहीत. कायदा वाचून वाटेल, काय हा साधेपणा! प्रत्यक्षात फ्लोरिडा विद्यापीठाच्या कुलगुरूचा मूळ पगार दहा लाखांवर गेला, आणि २०२५ मध्ये सांटा ओनो यांच्यापुढे ठेवलेला करार सर्व धरून वर्षाला तीस लाखांच्या घरात होता. दोन लाखांवरची रक्कम इतर मार्गांनी, मुख्यतः विद्यापीठाशी संलग्न फाउंडेशनकडून येते. सॅन डिएगोच्या त्या चार लाखांतलेही पन्नास हजार फाउंडेशनचेच होते. गदारोळ झाल्यावर विश्वस्तांनी २०१२ मध्ये जो तोडगा काढला तो पाहण्यासारखा आहे: सरकारी पैशातून मिळणारा मूळ पगार आधीच्या प्रमुखाइतकाच ठेवायचा, पण फाउंडेशनला वर दहा टक्क्यांपर्यंत भर घालता येईल. दार बंद केले आणि खिडकी मापून कापून दिली.

यावर ठरलेले उत्तर असते: फाउंडेशनचे पैसे देणगीदारांचे आहेत, करदात्यांचे नाहीत, मग तुमचे काय जाते? तीन गोष्टी जातात. एक, ही देणगी करमुक्त असते, म्हणजे तिच्यातला एक हिस्सा सरकारने सोडून दिलेला कर असतो. दोन, पैशाला वास नसतो. पगारावर गेलेला देणगीचा डॉलर शिष्यवृत्तीवर जाऊ शकला असता, आणि बहुतेक देणगीदारांना तेच वाटत असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुलगुरूचे काम देणग्या गोळा करण्याचे, आणि त्याचा अर्धा पगार देणगीदारांच्या संस्थेकडून येत असेल, तर जमीन, प्रवेश, संशोधन केंद्राचे नाव यांवरून देणगीदार आणि विद्यापीठ यांच्यात तंटा झाला की तो कुणाच्या बाजूने उभा राहील? लुईव्हिल विद्यापीठात तर जेम्स रॅमसी हे एकाच वेळी विद्यापीठाचे आणि फाउंडेशनचे प्रमुख होते. २०१६ मध्ये ते पायउतार झाले आणि पुढच्या वर्षी फाउंडेशनच्या व्यवहारांच्या खास लेखापरीक्षणाने निधीच्या उधळपट्टीवर आणि अधिकाऱ्यांच्या राखून ठेवलेल्या मोबदल्यावर बोट ठेवले. त्यातला मोठा भाग विद्यापीठाच्या नेहमीच्या अर्थसंकल्पात शोधूनही सापडला नसता.

मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. उत्तर पेशवाईतल्या महसुली व्यवहारात ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ अशा रकमा असत. कारकुनापासून कारभाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांच्या सोयीच्या, पण मूळ वेतनाच्या बाहेरच्या. अंमलदाराचा तैनातीचा आकडा वाचून त्याची मिळकत कळत नसे. कंपनी सरकारचे तेच होते. नोकरांना पगार तुटपुंजा आणि खासगी व्यापार, नजराणे मुबलक. लंडनच्या वहीत मात्र सारे काटकसरीचे. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आला तेव्हा त्याने पगार कमी करून हा घोळ मिटवला नाही. त्याने कलेक्टरला महिना १,५०० रुपये आणि वसुलीवर एक टक्का दिला, जी त्या काळी भरभक्कम रक्कम होती, आणि त्याबरोबर खासगी व्यापार व नजराण्यांची दारे लावली. वरच्या जागांपासून भारतीयांना दूर ठेवण्याचे पाप त्याच कारभाराचे, ते विसरायचे कारण नाही. पण सौद्याची रचना लक्षात घ्या: पगार मोठा, उघड, आणि दुसरे काही नाही. अमेरिकी विद्यापीठांनी या सौद्याचा पहिला भाग उचलला आणि दुसरा सोयीस्कर विसरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलाच्या प्रमुख लिंडा काटेही यांनी चॅन्सलरपदाचा पगार घेत असतानाच पाठ्यपुस्तके छापणाऱ्या जॉन वायली कंपनीच्या संचालकपदाचे तीन वर्षांत ४ लाख २० हजार डॉलर घेतले. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांच्या किमती हा ज्या विद्यापीठात रोजचा रडगाण्याचा विषय, तिथे! २०१६ मध्ये हे, आणि डेव्हराय या नफ्यासाठी चालणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या संचालकपदाचे प्रकरण, बाहेर आले, आणि त्यानंतर विश्वस्तांनी बाहेरच्या संचालकपदांचे नियम आवळले.

आता येतो निरोपाचा हिशेब, आणि माझ्या मते सगळा वाद इथे व्हायला हवा. ओहायो स्टेटचे गॉर्डन गी २०१२-१३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावापुढे साठ लाखांहून अधिक डॉलर लागले आणि देशभर बोंब झाली. मूळ पगार होता साडेआठ लाखांच्या आसपास. मग बाकीचे कुठून आले? मोठा भाग राखून ठेवलेल्या मोबदल्याचा. त्याची यंत्रणा अशी: विश्वस्त दरवर्षी, समजा, दोन लाख बाजूला टाकतात आणि अट घालतात की अमुक तारखेपर्यंत टिकलास तरच हे तुझे, मध्येच गेलास तर शून्य. अट असेपर्यंत ती रक्कम त्याची मानली जात नाही, म्हणून तिच्यावर तेव्हा करही लागत नाही. पाच वर्षांनी ती तारीख आली की दहा लाख एकदम उत्पन्नात येतात आणि यादीत तेवढे एक वर्ष डोंगरासारखे दिसते. म्हणजे गी यांनी एका वर्षात साठ लाख ‘कमावले’ असे म्हणणाऱ्यांचेही चुकते. ते अनेक वर्षांचे साठलेले पाणी होते. पण याचा दुसरा अर्थ असा, की त्याआधीच्या प्रत्येक वर्षी छापलेला आकडा वाचकाला त्या वर्षाची खरी किंमत सांगत नव्हता. पत्रकार तेव्हा काय शोधत होते? त्याच कुलगुरूंच्या आवडत्या बो-टायच्या नावाने कार्यालयाने टाय, बिल्ले आणि बिस्किटांवर ६४ हजार डॉलर उडवले, ही बातमी मात्र घरोघर पोचली.

टिकून राहण्यासाठी दिलेला पैसा निदान टिकल्यावर मिळतो. त्याहून वाईट कलम परतीचे. कुलगुरू बहुधा कायम प्राध्यापकही असतो. पद सोडल्यावर त्याने वर्गात परत जावे हे चांगलेच. पण किती पगारावर? मिशिगन स्टेटच्या लू अ‍ॅना सायमन यांच्या करारात होते: पद सोडल्यावर पहिले वर्ष संशोधनरजा, तीही कुलगुरूपदाच्या पूर्ण म्हणजे साडेसात लाखांच्या पगारावर, त्यानंतर प्राध्यापक म्हणून त्याच्या पाऊणपट. २०१८ च्या जानेवारीत, विद्यापीठाचा डॉक्टर लॅरी नासर याने खेळाडू मुलींवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, त्यांना पद सोडावे लागले. विद्यापीठाने पीडितांशी पन्नास कोटी डॉलरची तडजोड केली. तपासकर्त्यांशी खोटे बोलल्याचे सायमन यांच्यावरचे आरोप न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळले, हेही सांगितले पाहिजे. माझा मुद्दा त्यांच्या दोषाचा नाहीच. २०१९ मध्ये निवृत्तीची तडजोड म्हणून त्यांना तीन वर्षांत साडेचोवीस लाख डॉलर देण्याचे ठरले, आणि विश्वस्तांच्या हातात फारसे काही नव्हते, कारण ते कलम त्यांच्याच मंडळाने अनेक वर्षांपूर्वी लिहून दिले होते. पेन स्टेटचे कुलगुरू ग्रॅहॅम स्पॅनियर सँडस्की प्रकरणात, म्हणजे फुटबॉलच्या माजी सहायक प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्या आर्थिक वर्षात त्यांना सुमारे एकोणतीस लाख मिळाले आणि ते यादीत पहिल्या क्रमांकावर आले. संकटात गेलेला माणूस त्या वर्षी सर्वांत महाग ठरावा, ही कुणाची चोरी नाही. आनंदाच्या दिवशी, स्वागताच्या मेजवानीच्या आधी, कुणी न वाचता सही केलेल्या कागदाचे ते फळ आहे.

उघड याद्यांवर विसंबणाऱ्यांनी कॅनडातले वेस्टर्न विद्यापीठ आठवावे. ओंटारियोत १९९६ पासून कायदा आहे की सार्वजनिक पैशातून वर्षाला एक लाख डॉलरवर पगार घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव जाहीर करायचे. मार्च २०१५ च्या यादीत कुलगुरू अमित चक्मा यांच्यापुढे ९ लाख २४ हजार कॅनेडियन डॉलर दिसले, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. कारण? २००९ च्या करारात लिहिले होते की पाच वर्षांनी एक वर्षाची रजा, किंवा रजा नको असेल तर तेवढे रोख. त्यांनी रोख घेतले. टीका झाल्यावर ४ लाख ४० हजार परत केले. यादीने आपले काम केले, पण कलम लिहिल्यावर सहा वर्षांनी.

राहिला फुटबॉल प्रशिक्षकाचा मुद्दा. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले आणि त्यापायी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे अंगावर घेतले, कारण २०२१ मध्ये त्यांचा करार दहा वर्षांच्या पूर्ण हमीसह वाढवून दिला होता. कुलगुरूंचे समर्थक हे उदाहरण ढालीसारखे धरतात. शेजारच्या घराला आग लागली म्हणून आपल्या घरातला धूर सुगंधी होतो का? उलट रोग एकच असल्याचा हा पुरावा आहे: दोन्हीकडे बुडवले ते पगाराने नव्हे, जाण्याच्या कलमाने.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, ठरवणाऱ्यांची खोली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात २०१७ मध्ये ४ लाख ६८ हजार पौंड घेणाऱ्या कुलगुरू ग्लिनिस ब्रेकवेल मोबदला समितीच्या सदस्य होत्या. आपला विषय निघाला की बाहेर जात, एवढेच. त्या समितीच्या कारभारावर टीका करणारा ठराव ३३ विरुद्ध ३० मतांनी पडला, आणि पाडणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठांच्या संहितेने कुलगुरू या समितीचा सदस्य असू नये असे स्पष्ट केले. अमेरिकेत खोली रिकामी केली जाते, पण दारही लावले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड गार्डनर १९९२ मध्ये निघाले तेव्हा आठ लाखांच्या घरातले त्यांचे निरोपाचे पॅकेज बंद दाराआड मंजूर झाले होते. तेव्हाही मंदी होती, तेव्हाही फी वाढत होती. कराराचा मसुदा मतदानाच्या निदान दहा दिवस आधी प्रसिद्ध करावा, आणि पहिल्या पानावर वार्षिक पगार न छापता तीन बेरजा छापाव्यात: पाच वर्षे राहिला तर एकूण किती, दुसऱ्या वर्षी काढला तर किती, स्वतःहून गेला तर किती. असे तीन आकडे मांडायला हिशेबनिसाला एक दुपार पुरते.

दुसरी गोष्ट तिजोरीची. फाउंडेशनला कुलगुरूच्या पगारात हातभार लावायचाच असेल तर त्याने तो विद्यापीठाच्या खात्यात जमा करावा आणि विद्यापीठाने एकच धनादेश काढावा. मग दोन लाखांच्या मर्यादेचे सोंग उरत नाही. मर्यादा ठेवायची तर एकूण रकमेवर ठेवा, नाहीतर काढून टाका. तिसरी, परतीचे कलम: वर्गात परत जाणाऱ्याला त्याच्या विभागातल्या सर्वोच्च पगाराच्या प्राध्यापकाइतकाच पगार, आणि संशोधनरजा घ्यायची तर घ्यावी, तिचे रोखीत रूपांतर नाही.

कामगिरीशी पगार जोडण्याच्या उपायाबद्दल मात्र मी सावध आहे. पर्ड्यूने डॅनियल्स यांना २०१३ मध्ये ४ लाख २० हजारांचा मूळ पगार आणि त्यावर ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम उद्दिष्टांवर बेतून दिली. पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण, परवडणारे शिक्षण, देणग्या अशी ती उद्दिष्टे. त्यांच्या काळात फी गोठलेलीच राहिली, आणि हे लहान काम नाही. पण फी गोठवण्याचा खर्च बऱ्याच अंशी विद्यार्थिसंख्या, विशेषतः जास्त फी देणारे परराज्यातले आणि परदेशी विद्यार्थी, वाढवून भरून निघाला, आणि वसतिगृहांवर ताण आला. जे मोजता येते तेच उद्दिष्टात बसते. एवढे असूनही ही रचना कागदावर सगळ्यांना वाचता येत होती, हा तिचा गुण मी नाकारणार नाही.

आणि पगाराच्या पलीकडे कुलगुरूचे कार्यालय असते, ज्याचा खर्च कोणत्याच यादीत येत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात माजी सिनेटर बेन सॅस फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि पत्नीच्या आजारपणाचे कारण देऊन जुलै २०२४ मध्ये गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी ‘इंडिपेंडंट फ्लोरिडा अ‍ॅलिगेटर’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने खर्चाच्या नोंदी लावून दाखवले की कुलगुरू कार्यालयाचा वार्षिक खर्च त्यांच्या पहिल्या वर्षात ५६ लाखांवरून १ कोटी ७३ लाखांवर गेला होता, आणि त्यात वॉशिंग्टनच्या जुन्या सहकाऱ्यांचे पगार होते, ज्यांतल्या काहींनी काम दुसऱ्या राज्यांत बसून केले. सॅस यांनी तो खर्च मोठ्या योजनांसाठी होता आणि रीतसर होता असे उत्तर दिले. ते खरे मानले तरी १ कोटी १७ लाखांची वाढ बाहेर आली ती ते गेल्यावर, विद्यार्थी पत्रकारांनी नोंदी मागवल्या म्हणून. नेमणुकीच्या बातमीत छापून आला होता तो दहा लाखांचा मूळ पगार.